चौदा नंबरची स्लाइड

आमच्या पडद्याला मिशी होती. पडदा म्हणजे सिनेमाच्या एका जुन्या बॅनरचं कापड. चाचांनी त्याच्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात मारले होते, पण खालच्या हिरोची मिशी काही केल्या दबत नव्हती. प्रोजेक्टरचा उजेड पडला की ती डाव्या कोपऱ्यात हळूच वर यायची. मग पडद्यावर बालवाडीतली पोरं असोत नाहीतर शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार, सगळ्यांच्या शेजारी एक मिशी हजर. लोक हसायचे आणि मला राग यायचा. मी चाचांना म्हणायचे, "अजून एक हात मारा की." चाचा म्हणायचे, "असू दे बेटी. लोक हसले की भीत न्हाईत."

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. रंकाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत चाचांची पत्र्याची शेड होती. सगळा जन्म त्यांनी सिनेमाचे बॅनर रंगवण्यात घालवला होता. छापील पोस्टरं आली, काम कमी झालं, तशी अर्धी शेड त्यांनी आम्हाला दिली. आम्ही म्हणजे अर्थशास्त्र शिकवणारे एक सर, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी मी, आणि संध्याकाळी कामावरून सुटून येणारी पाच-सात माणसं. कुणी नर्स, कुणी टायपिस्ट, दोघं फाउंड्रीतले. आमच्या त्या उद्योगाला धड नावही नव्हतं. "शेडवर येणार का?" एवढं विचारलं की पुरे. तिथं टर्पेंटाइनचा आणि सरसाचा वास असायचा, चहाची किटली रंगाच्या डब्यांत हरवायची, आणि वाद झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. वाद घालण्यात मी सगळ्यांच्या पुढे. नाकावर राग घेऊनच मी जन्माला आले, असं माझी आई सांगत असे.

आमचं मुख्य काम स्लाइड-शोचं. फिल्म काढायची ऐपत नव्हती. सरांनी जुना प्रोजेक्टर मिळवला होता, कॅमेरा माझा. एखाद्या वस्तीत जायचं, लोकांशी बोलायचं, बोलणं टेपवर घ्यायचं, फोटो काढायचे, आणि दोन्ही जुळवून त्यांच्याचपुढे दाखवायचं. पाण्याचा नळ, गटार, फाउंड्रीत भाजलेले हात, असले आमचे विषय. टेप आणि चित्रं जुळवायला आमच्याकडे एकच यंत्र होतं, ते म्हणजे स्टीलची वाटी. शेडवर टेप जुळवताना जिथं चित्र बदलायचं तिथं चमच्यानं वाटी वाजवायची. कार्यक्रमात टेपवर टण् झालं की मी पुढची स्लाइड सरकवायची. मान खाली, डोळे स्लाइडच्या खोक्यात, कान वाटीकडे. पडद्याकडे बघायला मला सवडच नसे.

आणि एक नियम होता. चाचांनी तो भिंतीवर बॅनरच्या अक्षरांत रंगवला होता: ज्याचं चित्र, त्याला आधी. ज्यांचे फोटो, ज्यांचा आवाज, त्यांच्या घरी जाऊन त्यांना आधी दाखवायचं. ते जे नको म्हणतील ते त्यांच्यादेखत काढून टाकायचं. या नियमापायी आमची कितीतरी चांगली चित्रं गेली. मी प्रत्येक वेळी चरफडले, पण नियम पाळला. एकदाच मोडला, तो हुपरीला.

हुपरीत घरोघरी चांदीचं काम. पैंजणाच्या कड्या जोडायच्या, घुंगरं बसवायची, सांधे झाळायचे. झाळायचं काम बायका करायच्या. तोंडात नळी धरून दिव्याच्या ज्योतीवर फुंकायचं आणि ज्योतीचं टोक नेमकं सांध्यावर वळवायचं. वारा आला की ज्योत हलते आणि सांधा बिघडतो, म्हणून दारं-खिडक्या बंद. त्या बंद खोलीत दिव्याचा धूर, तेजाबाची वाफ, आणि दिवसभर फुंकणारी छाती. शेडवर येणारी नर्स मूळची हुपरीची. तिनं सांगितलं, तिच्या गल्लीतल्या बायका खोकून बेजार आहेत, पण शेठपुढे कुणी बोलत नाही. शेठ म्हणजे घरोघरी चांदी देऊन काम करून घेणारा व्यापारी. त्यानं चांदी दिली नाही तर त्या घरचा दिवा पेटत नाही, इतकं ते सरळ होतं.

त्या गल्लीत आम्हाला बोलणारी एकच बाई भेटली. पन्नाशीची विधवा, सगळे तिला आक्का म्हणायचे. झाळकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "बोलतो की. पर माझं तोंड दाखवायचं न्हाय. आवाज बी वळखू येता कामा न्हाय." आम्ही शब्द दिला. तिनं पदर तोंडावर घट्ट धरला आणि टेपपुढे बसली.

"दार लावून धूर खातो आमी," ती बोलली. "वारं आलं की ज्योत हालती, ज्योत हालली की चांदी वाया जाती, म्हणून दार लावायचं. दिसभर लावायचं. खोकून खोकून बरगड्या दुखाय लागल्यात. शेठला चांदी दिसती. आमची छाती कुणाला दिसतीया?"

मी तिच्या हातांचा फोटो काढला. नुसते हात, नळी आणि ज्योत. ती झाली चौदा नंबरची स्लाइड. तिच्या शेजारच्या घरात सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून होती, पन्हाळ्याकडच्या एका खेड्यातली. लाजाळू इतकी, की बोल म्हटल्यावर तिनं दाराआड तोंड लपवलं. पण फोटोला हौसेनं उभी राहिली, हातात नवं पैंजण धरून, हसत. ती पंधरा नंबरची.

शेडवर आम्ही टेप जुळवली तेव्हा चाचा म्हणाले, "बेटी, वाटी नको. चांदीच्या गावात जातोय आपण. लाकडाचा ठोकळा वाजव." मी म्हटलं, "ठोकळा ऐकू येत नाही. वाटीच बरी." एवढं बोलून मी विषय संपवला. तो आवाज आजही कानात आहे, वाटीचा नव्हे, माझा. शहाणपणा शिकवू नका असा त्याचा सूर होता, आणि ज्यांना मी तो ऐकवला त्यांनी मला ब्रश धरायला शिकवलं होतं.

हुपरीत अमावस्येला काम बंद असतं. सरांनी एका डॉक्टरांना गळ घातली होती. ते त्या अमावस्येला येऊन बायकांना तपासायला तयार झाले. दिवस हातातून जाऊ नये म्हणून घाई झाली. घरोघरी आधी दाखवायचं राहिलं. "सगळ्यांना एकदमच दाखवू," सर म्हणाले, आणि मीही मान डोलावली. जागा मिळाली सोसायटीच्या खताच्या गोदामाची. त्याला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे भरदुपारी अंधार. खराब हवेवरचा कार्यक्रम, आणि खताच्या वासानं डोळ्यांना पाणी. दोनेकशे माणसं दाटीवाटीनं बसली. पहिल्या रांगेत खुर्चीवर शेठ. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्याला कोण उठवणार?

लग्नातला मोठा स्पीकर आणला होता, वर पत्र्याचं छप्पर. मिशी दिसली, लोक हसले, सगळं झकास चाललं होतं. मी खोक्यात मान घालून वाटी ऐकत होते. आक्काचं बोलणं सुरू झालं. टण्. मी स्लाइड सरकवली. पुन्हा टण्. थोडी लवकर वाटली, पण वाटी म्हणजे वाटी. गोदाम एकदम गप्प झालं तेव्हा मी मान वर केली.

पडद्यावर ती सून हसत उभी होती, हातात पैंजण. आणि स्पीकरमधून येत होतं, "शेठला चांदी दिसती. आमची छाती कुणाला दिसतीया?"

आक्काचं बोलणं टेपवर घेताना शेजारच्या घरात कुणीतरी हातोडीनं चांदी ठोकत होतं. शेडवरच्या टेपच्या छोट्या डबड्यात ते जाणवलंही नव्हतं. मोठ्या स्पीकरमध्ये, पत्र्याखाली, त्या हातोडीचा पहिलाच ठोका माझ्या वाटीसारखा वाजला. आक्काच्या घरी बसून आधी ऐकवलं असतं, शेजारची हातोडी चालू असताना, तर चूक तिथंच उघडी पडली असती. नियम आम्ही उगीच नव्हता केला.

मी झटकन स्लाइड काढली. पण दोनशे माणसांनी जे पाहिलं ते काही खोक्यात परत घालता येत नाही. शेठ उठला, कुणाकडे न बघता निघून गेला. पाठोपाठ पुरुष उठले, बायका तर पळाल्याच. डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात घालून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. एकही बाई आली नाही.

आठ दिवसांनी नर्सनं बातमी आणली. शेठनं त्या घरातली चांदी उचलून नेली होती. सासूनं सुनेला विचार विचार विचारलं, तू बोललीस का? पोरगी हूं की चूं नाही. तेव्हा सासूनं तिला माहेरी धाडलं, आणि परत येऊ नकोस असं सांगून धाडलं. सहा महिन्यांचा संसार, आणि मोडला कुणी, तर माझ्या वाटीनं.

मी आणि सर त्याच दिवशी शेठकडे गेलो. त्यानं चहा दिला, बशीत बिस्किटंही ठेवली. मी सरळ सांगितलं की चूक माझी, आवाज त्या मुलीचा नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, झाली चूक," तो म्हणाला. "तुमी शिकलेली माणसं, खोटं कशाला बोलशीला? मग बोललं कोण, तेवढं सांगा की. आत्ता त्या घरी चांदी पाठवतो." मी चहा तसाच ठेवून उठले.

शेडवर त्या संध्याकाळी जो वाद झाला तसा वाद पुन्हा कधी झाला नाही. सर म्हणाले, "एका निरपराध मुलीचा संसार मोडतोय. नाव सांगणं भाग आहे." चाचा म्हणाले, "जबान दिलीया." सर म्हणाले, "शब्द मोठा की माणूस?" चाचा म्हणाले, "आक्का बी माणूसच हाय." मी दोघांवर ओरडले. ओरडायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवशी मी ओरडत होते ते दोघांचंही खरं होतं म्हणून. शेवटी खाली बसले आणि रडले. चाचांनी त्यांचा रंगाचा फडका पुढे केला. त्यानं तोंड पुसलं तर गालाला हिरवा रंग लागला, आणि कुणीही हसलं नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या बसनं आक्काच आली. पत्ता नर्सकडून घेतला होता. शेडमध्ये शिरली, चारी बाजूंचे हिरो-हिरोइन बघितले आणि एका डब्यावर बसली.

"शेठनं इचारलं म्हणं, कोण बोललं?"

"हो," मी म्हटलं.

"आनि तुमी सांगितलं न्हाईसा?"

"नाही."

"का?"

चाचांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वाचून दाखवलं. "बोलणं तुमचं हाय," ते म्हणाले. "तुमाला इचारल्याबिगर कसं सांगायचं?"

आक्का बराच वेळ खोकत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, माझा फोटो काढ. तोंडाचा. चौदा नंबरला लाव." मी सांगितलं की स्लाइडची फिल्म धुवायला मुंबईला जाते, पंधरा दिवस लागतात. "पंदरा दिसांत तिची सासू दुसरी सून बघंल," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग नुसतं त्या सासूला जाऊन सांगू या." तिनं मान हलवली. "समद्या गावानं पोरीचं तोंड बघितलंय. माझं बी समद्या गावानं बघाय पायजे. फोटो कशाला? मी हाय की."

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच गोदामात होतो. मागच्या वेळी भिऊन पळालेले लोक या वेळी उत्सुकतेनं आले. शेठची खुर्ची रिकामी होती. मुलीची सासू मागच्या भिंतीला टेकून उभी होती, पदर दातात धरून. वाटीवर विसंबायचं नाही असं ठरलं होतं. चाचा माझ्या शेजारी बसून नंबर पुकारत होते आणि मी पडद्याकडे बघत होते. "तेरा," चाचा म्हणाले. मग म्हणाले, "चौदा." मी टेप बंद केली आणि चौदा नंबरची स्लाइड लावलीच नाही. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला.

आक्का त्या उजेडात जाऊन उभी राहिली. डोळे दिपले म्हणून कपाळावर हात धरला. पदर खांद्यावर. तिच्या कानाशेजारी ती मिशी वर आली. कुणीतरी फिसकन हसलं. आक्कानं वळून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोन पावणा आनि?" सगळं गोदाम हसलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

हसू विरल्यावर ती बोलली. "त्या दिशी बोललो ते मी. पदर तोंडावर धरून बोललो, भ्यालो म्हणून. त्या पोरीनं एक शबुद बोलल्याला न्हाई. पोरीला घरी आना. आनि शेठला सांगा, चांदी न्यायची तर माझी न्या. बोलल्यालं मागं घेत न्हाई मी. दार लावून धूर खातो आमी, तुमी समद्या खाता, आनि घरात जाऊन खोकता." एवढं बोलून तिला जोराचा खोकला आला. उजेडात उभी राहून ती खोकत राहिली, आणि समोर बसलेल्या बायकांत एक खोकली, मग दुसरी. कुणी मुद्दाम नव्हे. खोकला येतच होता, इतके दिवस दाबला होता.

सासू दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं स्वतः जाऊन सुनेला घेऊन आली. त्या घरी चांदीही परत आली. आक्काच्या घरची चांदी मात्र आदल्या संध्याकाळीच गेली होती. पुढच्या अमावस्येला डॉक्टर आले तेव्हा बायकांची रांग गोदामाबाहेर गेली होती. पहिला नंबर आक्काचा.

ती खुरपं घेऊन उसाच्या भांगलणीला जायला लागली. आम्ही पेरू-केळी घेऊन भेटायला जायचो, तर ती चिडायची. "आजारी हाय का मी?" म्हणायची. दोन-अडीच महिने गेले. मग शेठच्या पैंजणांचे सांधे सुटायला लागले आणि बाजारातून माल परत आला. शेठ स्वतः आला नाही. त्यानं त्या शेजारच्या सुनेच्या हाती चांदी पाठवली. आक्कानं निरोप दिला, काम करतो, पण दार उघडं राहील. शेठनं विचारलं, आणि ज्योत हालली तर? तिनं तो प्रश्न आमच्याकडे धाडला.

उत्तर चाचांनी दिलं. शेडमागं सिनेमाचे जुने पत्र्याचे कटआउट गंजत पडले होते. त्यांतला एक कापून, तीन बाजूंनी वाकवून, त्यांनी दिव्याभोवती ठेवायचा आडोसा केला. वारा अडायचा आणि धूर मोकळ्या दारातून जायचा. आठवड्याभरात गल्लीतल्या चार घरांतून मागणी आली. अख्खी हिरोइन हुपरीत वाटली गेली, कुणाकडे हनुवटी, कुणाकडे बांगड्यांचा हात. आक्काच्या वाट्याला एक डोळा आला होता. वर्षानुवर्षं आम्ही चित्रं दाखवत होतो, पण त्या गल्लीतली हवा बदलली ती एका पत्र्यानं, हे मला तेव्हा टोचलं होतं. आता टोचत नाही.

दिवाळी झाल्यावर मी एकटीच हुपरीला गेले. आक्काचं दार सताड उघडं होतं. पत्र्यावरचा तो काजळ घातलेला डोळा रस्त्याकडे बघत होता. आत आक्का आणि शेजारी ती सून, नळी तोंडात धरून ज्योत वळवायला शिकत होती. खोकला होताच. दार उघडलं म्हणून छातीत साठलेलं एका दिवसात निघून जात नाही. पण आक्काच्या चेहऱ्याचा रंग सुधारला होता.

मला त्या मुलीची माफी मागायची होती. इतके महिने लागले कारण माफी मागायची मला सवय नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ती वाटी माझी होती. चाचांनी सांगूनही मी ऐकलं नाही. माझ्यामुळं तुला माहेरी बसावं लागलं. पण तू गप्प का राहिलीस? 'मी नाही बोलले' एवढं म्हणाली असतीस तर?"

तिनं नळी खाली ठेवली. आक्काकडे बघितलं. आधीसारखी लाजली, पण दाराआड गेली नाही.

"आक्काचा आवाज मला पदराआडनं बी कळतोय, बाई," ती म्हणाली. "नाव कसं घेनार? आनि सासू इचारत हुती, तू बोललीस का, तू बोललीस का. पर त्यात खोटं काय हुतं? धूर मला बी लागतोयच की. न्हाई म्हणाय जीभच उचलंना."

मग तिनं नळी पुन्हा तोंडात धरली आणि फुंकायला लागली.